निब सगळ्यात शेवटी वाचा

जुनं युरोपियन पेन हातात आलं की माणूस आधी निब बघतो. टोपण काढलं की डोळा आपसूक त्या सोनेरी त्रिकोणावर जातो, आणि तिथे दोन-चार अक्षरं दिसली की पेनला नाव देऊन मोकळं व्हायचं. याला माझा सक्त विरोध आहे. अख्ख्या पेनमध्ये सगळ्यात सहज बदलला जाणारा भाग कोणता, तर निब. पेन टोकावर पडलं की ती वाकते. सोन्याची असली तर कुणीतरी काढून विकून टाकतं. मग दुरुस्त करणाऱ्याच्या खणात मापाची जी सापडेल ती बसते आणि पुढची पन्नास वर्षं तीच खरी मानली जाते. म्हणून अनोळखी पेन ओळखायला बसले की मी निब शेवटी वाचते. आधी बाकी सगळं.

मी मुद्रितशोधक आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या वेलांट्या तपासायच्या आणि संध्याकाळी त्याच चष्म्याने पेनांवरची झिजलेली अक्षरं लावायची, असा माझा उद्योग. घरचे म्हणतात, सुट्टीतही तेच काम करतेस. असेल. पण छापलेल्या मजकुरात चूक शोधायची असते आणि इथे मजकूरच शोधायचा असतो, हा फरक त्यांना कुणी सांगावा!

सध्या टेबलावर जे पेन आहे ते युरोपातल्या एका लिलावातून आलेल्या सरमिसळ गठ्ठ्यातलं. सोबत पेलिकन या जर्मन कंपनीची शाळकरी पेनं आणि टोपण हरवलेलं एक इंग्लिश कॉनवे स्टुअर्ट होतं. त्यांची ओळख पटवायला कष्ट नाहीत, नावं ठसठशीत आहेत. हे मात्र बेनामी. काळं, टोपण लावून तेरा सेंटीमीटरच्या आसपास, दोन्ही टोकांना किंचित निमुळतं. टोपणाच्या कडेला दोन बारीक सोनेरी कड्या. क्लिप सरळ, टोकाला गोळी, आणि गोळीवरचा मुलामा उडून खालचं पितळ दिसतंय. जिथे बोटं धरतो त्याच्या वर हिरवट उभ्या रेघांची खिडकी, शाई किती उरली ते दिसायला. मागे फिरवायची घुंडी. निबवर वेलबुट्टी, मध्ये 'गारांट', खाली '१४ कारट' आणि '५८५'. बस. ना क्लिपवर नाव, ना कड्यांवर, ना टोपणाच्या माथ्यावर.

'गारांट' नावाची कंपनी शोधत बसणारे मी पाहिले आहेत. तो शब्द फक्त सोन्याच्या शुद्धतेची हमी देतो. इंग्लंडमधल्या कितीतरी निबांवर 'वॉरंटेड' असतं, त्यातलाच हा प्रकार. निब बनवणारे कारखाने अशा बिननावाच्या निबा घाऊक काढायचे आणि ज्याला स्वतःची निब पाडणं परवडत नसे तो पेनवाला त्या घ्यायचा. त्यामुळे गारांट वाचून पेन कुणाचं हे कळत नाही, फार तर निब जर्मन वळणाची आहे एवढं कळतं.

तर आता पेनची नळी. बेनामी वाटणाऱ्या बऱ्याच पेनांवर खरं म्हणजे काहीतरी लिहिलेलं असतं, फक्त ते घासून घासून गेलेलं असतं. ते वाचायला उजेड समोरून मारून उपयोग नाही. खोली अंधारी करायची, पेन टेबलावर आडवं ठेवायचं आणि छोटी बॅटरी जवळजवळ टेबलाला टेकवून बाजूने धरायची. उजेड पृष्ठभागावरून घसरत गेला की अक्षरांच्या खाचांमध्ये सावली पडते. मग एका हाताने पेन तसूतसूने फिरवायचं. जिथे नुसती काळी चकाकी होती तिथे एकदम ओळ उमटते आणि जरा जास्त फिरवलं की नाहीशी होते. तो कोन सापडला की हात हलवायचा नाही, भिंग लावायचं आणि दिसेल तसं कागदावर उतरवून घ्यायचं. दिसेल तसं म्हणजे दिसेल तसंच. अर्धं अक्षर दिसलं तर अर्धंच काढायचं. मेंदूला गाळलेल्या जागा भरायची भारी घाई असते आणि त्याला पेलिकन, माँ ब्लाँ ही दोनच नावं पाठ असतात.

काही जण खाचांत खडूची पूड भरतात. उठावदार दिसतं, पण झिजलेल्या खाचेत पूड राहत नाही आणि ओरखड्यांत मात्र छान बसते, म्हणजे नको ते वाचायला मिळतं. आणि स्पिरिटने किंवा नेलपॉलिश काढायच्या द्रवाने पुसून अक्षरं वर आणायचा विचार तर मनातही आणू नका. जुन्या पेनांचं प्लॅस्टिक, म्हणजे सेल्युलॉइड, त्यात विरघळतं.

माझ्या पेनवर, घुंडीच्या जरा अलीकडे, अशा आडव्या उजेडात एक ओळ मिळाली: 'डी.बी.पी. आनगेम.' त्यापुढे काहीतरी होतं, ते गेलं. आणि घुंडीच्या टोकावर, इतक्या बारीक अक्षरात की आधी मला तो ओरखडाच वाटत होता, 'ओबी'.

एवढ्यावर बरंच काही ठरतं. पेनवर कंपनीचं नाव नसेल एक वेळ, पण कायद्याची भाषा पुष्कळदा असते, आणि कायद्यांना तारखा असतात. जर्मन पेनवर 'डी.आर.पी.' म्हणजे राइशचं, साम्राज्याचं पेटंट. ती व्यवस्था १८७७ मध्ये सुरू झाली आणि १९४५ मध्ये साम्राज्याबरोबर संपली. 'डी.आर.जी.एम.' हा तिचा धाकटा भाऊ, छोट्या सुधारणांच्या नोंदणीचा, १८९१ पासूनचा. युद्धानंतर पेटंट कार्यालय म्युनिकला १९४९ मध्ये पुन्हा उघडलं आणि 'राइश'च्या जागी 'बुंड' आलं, म्हणजे संघराज्य. तेच माझ्या पेनवरचं 'डी.बी.पी.' पुढचं 'आनगेम.' म्हणजे अर्ज केला आहे, मंजुरी अजून हातात नाही. तेव्हा हे पेन १९४९ च्या आधीचं असूच शकत नाही. गठ्ठ्याच्या वर्णनात विकणाऱ्याने 'युद्धपूर्व' लिहिलं होतं, ते या तीन अक्षरांनी निकालात निघालं. अशी खूण खालची मर्यादा पक्की सांगते, वरची नाही. छापाचा ठसा एकदा बनवला की कारखाना तो झिजेपर्यंत वापरतो.

देशाच्या नावाचंही तसंच. 'डब्ल्यू. जर्मनी' असेल तर १९४९ ते १९९० मधलं. नुसतं 'मेड इन जर्मनी' इंग्रजीत दिसलं म्हणून पेन इंग्लंडसाठीच बनवलं होतं असं मानू नये. परक्या मालावर देशाचं नाव टाकायची सक्ती ब्रिटिशांनी १८८७ च्या कायद्याने केली, जर्मन माल ओळखून ग्राहक दूर राहावेत म्हणून. पुढे तेच शब्द जर्मन कारखानदार अभिमानाने मिरवायला लागले. फ्रेंच पेनवर 'एस.जी.डी.जी.' ही चार अक्षरं असतात: पेटंट आहे, पण सरकारची हमी नाही. १८४४ च्या कायद्याने ती टाकणं भाग होतं आणि १९६८ मध्ये ती पद्धत गेली. सरकार स्वतःच छापून घ्यायचं की आम्ही जबाबदार नाही, हे मला फार आवडतं.

इटालियन मालावर, विशेषतः चांदी-सोन्याच्या आवरणाच्या पेनवर, कारागिराचा नोंदणी क्रमांक असतो. १९६८ नंतरच्या मालावर चांदणी, आकडा आणि प्रांताची दोन अक्षरं असा क्रम दिसतो. जुन्या ब्रिटिश चांदीवर तर वर्षाचं अक्षरच असतं, सोबत शहराची खूण: लंडनला बिबट्याचं तोंड, बर्मिंगहॅमला जहाजाचा नांगर. अशी पेनं नशीबवानांना मिळतात. एरवी काळं प्लॅस्टिक आणि पुसट ओळ.

नळीवर सुबक, वळणदार, हाताने कोरलेलं नाव असलं तर ते जवळजवळ नक्की मालकाचं. आणि एकसारख्या छापील अक्षरात नाव आणि गाव असेल तर ते दुकानाचं किंवा भेट देणाऱ्या एखाद्या फर्मचं असण्याची शक्यता बनवणाऱ्याइतकीच असते.

आता शाई आत कशी जाते ते बघायचं. माझ्या मते हा सगळ्यात बोलका पुरावा, कारण निब बदलता येते, क्लिप बदलता येते, पण शाई भरायची अख्खी यंत्रणा बदलायच्या भानगडीत कुणी पडत नाही. मागे घुंडी नाही, खटका नाही, नळी नुसतीच पोकळ आणि धरायचा भाग आटे फिरवून निघतो: ड्रॉपरने भरायचं, बहुधा जुनं. मागचं टोक फिरवल्यावर निबच नळीत आत जाते किंवा बाहेर येते: ते सेफ्टी पेन. युरोपात ही पेनं अमेरिकेपेक्षा जास्त काळ टिकली. कावेको, माँ ब्लाँ यांनी सुरुवातीला तीच बनवली. असं पेन हाती आलं तर टोपण काढताना निब वर करून धरा. आत गेलेल्या निबच्या वाटेने नळी उघडीच असते आणि शाई सगळी मांडीवर येते.

बाजूला खटका असेल तर आत रबरी पिशवी. कॉनवे स्टुअर्ट, स्वान अशा इंग्लिश पेनांत हा खटका फार. मागचं टोक आटे फिरवून निघतं आणि खाली दाबायचं बटण दिसतं, तिथेही पिशवीच. इंग्लंडमध्येच द ला रू कंपनीचं ओनोटो १९०५ पासून वेगळ्याच तऱ्हेने भरायचं: मागची दांडी पूर्ण बाहेर ओढायची, निब शाईत बुडवायची आणि दांडी एका दमात आत ढकलायची. दट्ट्याच्या मागे पोकळी तयार होते आणि शेवटच्या टप्प्यावर हवेला वाट मिळताच शाई सर्रकन आत घुसते. बुडबुडे काढत पेन स्वतः शाई पितंय हे एकदा बघाच.

घुंडी फिरवून आतला दट्ट्या वर-खाली होत असेल तर पिस्टन. हान्नोफरच्या पेलिकनने १९२९ मध्ये पिस्टनचं पेन बाजारात आणलं, थिओडोर कोवाच या इंजिनिअरच्या पेटंटवर, आणि त्यानंतर जर्मनीत जो तो पिस्टनच्या मागे लागला. म्हणजे मागे घुंडी आणि मध्ये खिडकी दिसली की मनात आधी जर्मनी येतो. इटलीतही पिस्टनची उत्तम पेनं झाली, तूरिनच्या आवरोरा कंपनीचं ८८ हे १९४७ चं पेन तर मार्चेल्लो निट्सोली या डिझायनरच्या हातचं. पण त्याची निब झाकलेली असते, त्यामुळे गोंधळ होत नाही. कार्ट्रिज, म्हणजे शाईची आयती भरलेली नळकांडी, असली की पेन नवीन, असंही समजू नये. फ्रान्समध्ये जिफ-वॉटरमनने १९३० च्या दशकातच काचेच्या नळकांडीत भरलेली शाई विकली होती. मात्र निब जवळजवळ पूर्ण झाकलेली असेल तर बहुधा युद्धानंतरचा काळ. पार्कर ५१ ची ती फॅशन १९४१ ची, आणि युरोपने ती उचलली युद्ध संपल्यावर.

माझ्या पेनचा पिस्टन घट्ट होता. इथे जोर करायचा नसतो. कोरड्या नळीत सुकलेलं बूच दांडीवरून निसटतं किंवा आटे तुटतात, आणि पेन ओळखण्याआधीच मरतं. निबच्या बाजूने कोमट पाण्याचे थेंब सोडत राहिले, आधी निळं, मग गढूळ जांभळं पाणी येत गेलं, आणि मग घुंडी हलली. आत खरंच बूच होतं, झाडाच्या सालीचं. त्यावरून पुन्हा युद्धपूर्व म्हणायचा मोह होईल, कारण पेलिकनने १९४० च्या दशकातच कृत्रिम दट्ट्या वापरायला घेतला. पण माँ ब्लाँची १९५० च्या दशकातली मोठी पेनंसुद्धा बुचावरच चालायची. बूच इथे काळ सांगत नाही. काळ पेटंटने सांगितला आहे आणि तोच धरायचा.

पदार्थ ओळखायला नाक लागतं. अंगठ्याने नळी जोरात घासायची, ऊब आली की लगेच वास घ्यायचा. गंधकाचा, जळक्या रबराचा वास आला तर इबोनाइट, म्हणजे कडक केलेलं रबर. कापराचा आला तर सेल्युलॉइड. माझ्या पेनला कापूर अगदी हलकासा आहे, टोपणाच्या आत जास्त. इबोनाइट उजेडात आणि ओलाव्यात तपकिरी पडतं, म्हणून तपकिरी दिसणारं पेन मुळात काळं असू शकतं. टोपणाखाली झाकली जाणारी जागा बघायची, तिथे मूळ रंग शिल्लक असतो. या वासाच्या परीक्षेऐवजी तापलेली सुई टोचून बघायला सांगणारे महाभाग आहेत. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रेट केलेला सेल्युलोज आणि कापूर. ते पेटतं, आणि पेटलं की विझवायला वेळ देत नाही.

युद्धानंतर साच्यात ओतलेलं प्लॅस्टिक आलं. त्याला वास नाही, आणि टोपणाच्या आत किंवा निबखालच्या जिभेच्या कडेला साच्याची बारीक रेघ सापडते. इंग्लिश रंगीत पेनांत आणखी एक पदार्थ भेटतो, कॅसिन, म्हणजे दुधातलं प्रथिन घट्ट करून बनवलेलं. रंग काय सुंदर! पण ते पाणी पितं, फुगतं आणि वाकडं होतं. आणि जुनं पेन मिळालं की लोक पहिलं काम काय करतात, तर ते रात्रभर पाण्यात टाकून झोपतात.

आता निब.

सोन्याचा आकडा आधी. ५८५ म्हणजे हजारात ५८५ भाग सोनं, १४ कॅरटचा मापदंड. ७५० म्हणजे १८ कॅरट. फ्रान्समध्ये कायद्याने सोनं म्हणून १८ च्या खाली विकता येत नव्हतं, म्हणून फ्रेंच निबवर १८ असतो आणि भिंगाखाली गरुडाचं मुंडकंही दिसतं. बाहेरून आलेल्या सोन्यावर गरुडाऐवजी घुबड. तेव्हा १८ कॅरटची निब दिसली तरी पेन श्रीमंती आहे असं नाही, ते फ्रेंच बाजारासाठी असू शकतं इतकंच. जर्मनीत १९३८ च्या सुमारास निबसाठी सोनं वापरण्यावर निर्बंध आले आणि पोलादी निबा आल्या. पेलिकनच्या अशा निबांवर 'सीएन' असतं, क्रोम आणि निकेल. या पांढऱ्या निबा लोक नकली समजून बदलतात. त्यावेळची ती अस्सल निब कचऱ्यात आणि तिच्या जागी नंतरची सोन्याची, असं चित्र मी बरेचदा पाहिलं आहे.

'इरिडियम पॉइंट जर्मनी' ही अक्षरं तर सोडूनच द्या. ती निबच्या टोकाबद्दल बोलतात, पेन जर्मन आहे असं म्हणत नाहीत, आणि ज्या पेनांचा जर्मनीशी काडीचा संबंध नाही त्यांच्यावरही सर्रास असतात.

माझ्या पेनच्या घुंडीवरचं 'ओबी' आठवतंय ना? ती निबच्या टोकाची जात: तिरकी, जाड. निब कुठली बसवली आहे ते घुंडीवर कोरायची पद्धत पेलिकनकडे होती, माँ ब्लाँकडे होती, इतरांनीही उचलली. म्हणजे या पेनात तिरकस कापलेली जाड निब असायला हवी. आहे ती सरळ आणि बऱ्यापैकी बारीक. भिंगाखाली टोक बघितलं, घासून सरळ केल्याच्या खुणा नाहीत. मग निब आणि जीभ हलक्या हाताने ओढून काढली. ती नुसती दाबून बसवलेली होती, आट्यांची नव्हती. जीभ इबोनाइटची, आणि तिच्या पाठीवर जुन्या निबची सावली: झाकला गेलेला भाग काळा, उघडा राहिलेला तपकिरी, मध्ये स्वच्छ कड. ती कड आत्ताच्या निबच्या कडेशी जुळत नाही. जुनी निब खांद्याला रुंद होती आणि तिचं श्वासाचं भोक जवळजवळ दोन मिलिमीटर मागे होतं. भोकाच्या जागी शाईचा गोल डाग राहिला आहे, तो आता सोन्याखाली झाकला जातो.

म्हणजे गारांट निब नंतर बसवलेली. तिच्यावर कितीही सुंदर वेलबुट्टी असो, या पेनच्या जन्माशी तिचा संबंध नाही.

राहिलं नाव. इथे वजाबाकी करत जायचं. पेलिकन नाही: टोपणाच्या माथ्यावर पक्षी नाही, १९५० मध्ये आलेल्या ४०० ची क्लिप चोचीसारखी असते, आणि त्यांची निब जिभेसकट आटे फिरवून निघते. माथ्यावर पांढरी चांदणी नाही, म्हणून माँ ब्लाँ नाही. गेहा हेही हान्नोफरचंच, १९५० नंतर पेनांत उतरलेलं, पण त्यांच्या पिस्टनच्या पेनांत शाई संपल्यावर थोडी राखीव शाई सोडणारं छोटं बटण जिभेत सहसा असायचं. इथे नाही. ओस्मिया? त्यांच्या निबवर पत्त्यांतल्या चौकटच्या आकारात आकडा असतो, आणि नेमकी निबच गेली आहे. पण ओस्मिया सहसा नळीवर किंवा टोपणावर नाव घालायची, आणि ती जागा मी आडव्या उजेडात मिलिमीटर मिलिमीटर तपासली आहे. बॉनच्या सोएनेकनलाही स्वतःचं नाव लपवायचं कारण नव्हतं.

उरतात ते छोटे. हायडेलबर्ग आणि आसपासच्या गावांत कावेकोपासून सुरुवात होऊन या धंद्याचं मोहोळच झालं होतं. ओस्मिया तिथलीच, डोसेनहाइमची. पार्करचा जर्मनीतला प्रतिनिधी योसेफ लामी याने १९३० मध्ये तिथेच आपला कारखाना काढला. पेटर बॉकसारखे निब बनवणारेही तिथेच. शेजारीच निब मिळते, क्लिप मिळते, कड्या मिळतात म्हटल्यावर चार लेथ आणि सेल्युलॉइडच्या नळ्या घेऊन बसलेला माणूसही बरं पेन काढू शकतो. अशी पेनं स्टेशनरीच्या दुकानांना जायची, कधी दुकानाचं नाव घालून, कधी कोरी. म्हणून एकाच साच्यातली, एकाच क्लिपची पेनं तीन वेगळ्या नावांनी सापडतात आणि संग्राहक आपसांत भांडतात की खरं कोणतं. तिन्ही खरी असू शकतात.

मी माझ्या वहीत लिहिलं आहे: पश्चिम जर्मनी, १९४९ नंतर, बहुधा १९५० चं दशक, पिस्टन, बुचाचा, काळं सेल्युलॉइड, हिरवी रेघी खिडकी, मुळात ओबी निब, सध्याची बदललेली, बनवणारा छोटा, नाव कोरलेलं नाही. 'हायडेलबर्ग' मी लिहिलेलं नाही. मोह झाला होता, पण त्या एका शब्दाला माझ्याकडे पुरावा नाही, आणि उद्या हे पेन कुणाच्या हाती गेलं तर माझा अंदाज त्याच्या वहीत वस्तुस्थिती होऊन बसेल. पेनांच्या जगातल्या निम्म्या दंतकथा अशाच जन्मल्या आहेत.

सापडलाच पुढचा दुवा, तर तो 'आनगेम.'च्या पुढच्या झिजलेल्या जागेत असणार. तिथे काहीतरी आहे. दोन उभ्या रेघा आणि त्यांच्यामध्ये वळणाचा तुकडा. क्रमांक असेल तर पेटंटच्या नोंदींत अर्जदाराचं नाव मिळू शकतं. बॅटरी बदलून, आणखी खालच्या कोनातून बघायचं आहे. असं पेन तुमच्याकडे असेल आणि त्याची ती ओळ शाबूत असेल, तर घुंडीच्या अलीकडच्या बोटभर जागेचा फोटो आडव्या उजेडात काढा. निबचा नको.

गठ्ठ्यातलं कॉनवे स्टुअर्ट मात्र सोपं आहे. त्यांनी नळीवर नावाबरोबर मॉडेलचा आकडाही स्पष्ट छापलेला असतो. रंग हिरवा-काळा संगमरवरी, आणि पृष्ठभागावर केसासारख्या बारीक भेगांचं जाळं, म्हणजे कॅसिनची शंका घ्यायला जागा आहे. त्याला पाणी लावलेलं नाही, कोरड्या कापडानेच पुसून ठेवलंय. खटका उचलत नाही. आतली पिशवी दगड झाली असणार.